चीनचे अधिकारी घडायचे कुठे? शाळेत की परीक्षा हॉलमध्ये?

बोरू :

नमस्कार मंडळी. जुन्या चीनचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी थेट त्या प्रसिद्ध सरकारी परीक्षेवर जाते. गरिबाचा पोरगा ग्रंथ पाठ करून मंत्री झाला वगैरे. परीक्षेचं महत्त्व आहेच, पण तिच्याही सातशेहून जास्त वर्षं आधी तिथे सरकारी विद्यापीठ होतं आणि ते मुद्दाम अधिकारी घडवायलाच काढलेलं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. सध्या याच विषयावर वाचतोय आणि माझं मत असं झालंय की तिथला खरा वाद 'माणूस शिकवून तयार करायचा की परीक्षा घेऊन निवडायचा' हा होता, तो हजारभर वर्षं चालला आणि शेवटी परीक्षेने शाळा गिळली. कशी ते जमेल तसं लिहितो, जाणकारांनी भर घालावी.

सुरुवात हान घराण्यापासून करू. सम्राट वूने इ.स.पू. १३६ मध्ये पाच प्राचीन ग्रंथांसाठी (काव्यसंग्रह, जुने राजलेख, विधी, शकुनाचा ग्रंथ यीजिंग आणि लू राज्याची वसंत-शरद बखर) सरकारी पगारावर आचार्य नेमले आणि इ.स.पू. १२४ मध्ये राजधानी चांगआनला ताईशुए म्हणजे सरकारी विद्यापीठ सुरू केलं. यामागे गोंगसुन होंग नावाचा मंत्री होता. हा माणूस तरुणपणी डुकरं राखायचा आणि चाळिशी उलटल्यावर त्याने ग्रंथाभ्यास सुरू केला. सुरुवातीला विद्यार्थी फक्त ५०, वय १८च्या पुढे, त्यांना सक्तीच्या सरकारी कामातून सूट. वर्षाने परीक्षा आणि निदान एका ग्रंथात पक्का असेल त्याला नोकरी.

परीक्षेची एक पद्धत मला फार आवडली. प्रश्न बांबूच्या पट्ट्यांवर लिहून पट्ट्या झाकून मांडायच्या, विद्यार्थ्याने त्यातली एक उचलायची आणि जे येईल त्याचं उत्तर द्यायचं. म्हणजे कुठला प्रश्न येणार ते ना विद्यार्थ्याला माहीत ना शिक्षकाच्या हातात.

५० चे पुढे ३,००० झाले आणि इ.स.च्या दुसऱ्या शतकात, राजधानी लुओयांगला गेल्यावर, ३०,००० पर्यंत आकडा गेला. एवढी मुलं, एवढी चढाओढ, मग भानगडी आल्याच. सरकारी ग्रंथालयात लाखेच्या शाईने लिहिलेली अधिकृत प्रत असायची, लोक तिथल्या माणसांना पैसे चारून तीच प्रत आपल्या पाठाशी जुळेल अशी बदलून घ्यायला लागले. तेव्हा त्साय योंग नावाच्या विद्वानाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सम्राटाकडून परवानगी काढून इ.स. १७५ पासून सगळे ग्रंथ दगडावर कोरून विद्यापीठाच्या दारात उभे केले. बघायला आणि नकलून घ्यायला येणाऱ्यांच्या रोज हजारावर गाड्या लागायच्या, रस्ते तुंबायचे असं इतिहासात नोंदवलंय.

पण ह्याच्या शेजारीच दुसरा रस्ता होता तो म्हणजे शिफारशीचा. जिल्ह्याच्या सुभेदाराने आईबापाची सेवा करणारा आणि स्वच्छ हाताचा माणूस म्हणून नाव पाठवायचं, इ.स. ९२ नंतर साधारण दोन लाख लोकसंख्येमागे वर्षाला एक असा कोटा. शिफारस म्हटल्यावर ओळखीपाळखी आल्या, त्यामुळे इ.स. १३२ मध्ये शिफारस झालेल्यांचीही परीक्षा घ्यायचा नियम करावा लागला. पुढे हान राज्य गेलं, इ.स. २२० मध्ये उमेदवारांना नऊ श्रेणींत बसवायची पद्धत आली आणि श्रेणी देणारेच बड्या घराण्यांतले असल्यामुळे तीन-साडेतीनशे वर्षं घराणं बघूनच पद मिळत राहिलं. वरच्या श्रेणीत गरीब घर नाही आणि खालच्या श्रेणीत बडं घर नाही असं तेव्हाचे लोकच म्हणायचे. सुई घराण्याने ५८३ च्या सुमारास ती मोडली आणि ६०५ च्या आसपास जिनशी नावाची परीक्षा सुरू झाली, तीच पुढे १९०५ पर्यंत.

मूळ मुद्दा असा की परीक्षा आली तेव्हा शाळा होत्याच आणि त्यांचं पुढे काय झालं हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तुम्हाला काय वाटतं?

नदीकाठ :

मस्त विषय बोरूदादा, वाचनखूण साठवली. एक शंका, राजधानीत ३०,००० शिकलेली तरुण पोरं आणि नोकऱ्या मोजक्या, मग ही मुलं करायची काय? काहीतरी पेटलं असणार ना?

बोरू :

पेटलंच. तेव्हा दरबारात खोजांचं, म्हणजे राजवाड्यातल्या नपुंसक सेवकांचं राज्य होतं, आपापली माणसं सगळीकडे घुसवलेली, म्हणजे मुलांनी वर्षानुवर्षं शिकायचं आणि जागा भलत्यानेच न्यायची. विद्यापीठातली पोरं उघडपणे बोलायला लागली, प्रामाणिक अधिकाऱ्यांच्या नावाने घोषणा, सह्यांचे अर्ज. इ.स. १६६ आणि परत १६९ मध्ये सरकारने धरपकड केली. शेकडो लोकांना पकडलं, कित्येक मारले गेले, बाकीच्यांना जन्मभर सरकारी नोकरी बंद. त्यात फान पांग नावाचा एक अधिकारी होता. त्याला पकडायचा हुकूम घेऊन आलेला माणूस हुकूम छातीशी धरून दार लावून रडत बसला, हे फान पांगच्या कानावर आलं तसा तो आपणहून हजर झाला. तिथला अधिकारी म्हणाला चल दोघं पळून जाऊ, तर हा म्हणाला मी मेलो की प्रकरण मिटेल, तुम्हाला आणि माझ्या म्हाताऱ्या आईला कशाला त्रास. आई निरोप द्यायला आली आणि म्हणाली की एवढ्या थोर माणसांच्या पंगतीत तुझं नाव लागलं, आता मरणाचं दुःख कसलं.

सरकारी विद्यापीठ काढलं की तिथली मुलं सरकारलाच जाब विचारणार हे चीनने तेव्हाच पाहिलं. १९१९ च्या बीजिंगच्या विद्यार्थी चळवळीआधी साडेसतराशे वर्षं.

रिमा_नाशिक :

फान पांगच्या आईचं वाचून पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुढे सोंग काळात सू शी म्हणून मोठा कवी आणि अधिकारी झाला (१०३७ ते ११०१). वडील बाहेरगावी शिकायला गेलेले, म्हणून दहा वर्षांच्या सू शीला त्याची आई घरी शिकवायची. एकदा ती हेच फान पांगचं चरित्र वाचताना थांबली आणि उसासा टाकला. मुलाने विचारलं, आई मी फान पांग झालो तर चालेल तुला? ती म्हणाली, तू फान पांग होऊ शकतोस तर मला फान पांगची आई होता येणार नाही का?

आणि हाच सू शी ज्या परीक्षेत पास झाला तिचा मुख्य परीक्षक ओउयांग शिउ, त्याचीही तशीच कथा. वडील गेले तेव्हा तो चार वर्षांचा, घरात कागद-कुंचल्याला पैसे नाहीत, तर आईने बोरूसारख्या वेताच्या काडीने जमिनीवर अक्षरं काढून त्याला लिहायला शिकवलं. म्हणजे ज्या बायकांना ताईशुएच्या दारातही उभं करत नव्हते, परीक्षेला बसू देत नव्हते, त्यांनीच अर्धं शिक्षण घरात दिलं. शाळा आणि परीक्षा ह्या भांडणात ही तिसरी शाळा कोणी मोजतच नाही. बोरूदादा, तुमच्या लेखात हे यायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

बोरू :

रिमाताई शंभर टक्के मान्य. मी सरकारी कागदांच्या बाजूने लिहीत गेलो, तुम्ही घराच्या बाजूने सांगितलंत, फार बरं झालं.

गणिती :

तांग काळातल्या (६१८ ते ९०७) शाळांबद्दल बोरूंनी लिहिलंच नाही आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात रंजक भाग तोच. तांगच्या राजधानीत गुओझिजियान म्हणजे शिक्षणाचं सरकारी खातं होतं आणि त्याच्या हाताखाली सहा शाळा. पहिली तिसऱ्या दर्जाच्या आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी (पहिला दर्जा सगळ्यात वरचा, नववा सगळ्यात खालचा), ३०० जागा. दुसरी पाचव्या दर्जापर्यंत, ५०० जागा. तिसरी १,३०० जागांची आणि त्यातल्या ८०० सामान्य घरच्या हुशार मुलांना. मग कायद्याची ५०, सुलेखनाची ३० आणि गणिताची ३०. फी म्हणजे गुरुदक्षिणा रेशमी कापडात, वरच्या दोन शाळांना ३ ताके, तिसरीला २, कायदा-सुलेखन-गणिताला १, शिवाय दारू आणि सुकं मांस.

दर दहा दिवसांनी एक सुट्टी आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी परीक्षा. पाठांतर तपासायला हजार अक्षरांमागे एका ठिकाणी तीन अक्षरं झाकायची आणि ती ओळखायला लावायची, आणि दोन हजार अक्षरांमागे अर्थाचा एक प्रश्न. पाचव्या महिन्यात शेतीची सुट्टी, नवव्या महिन्यात गरम कपडे आणायला घरी जायची सुट्टी, दोन्ही पंधरा पंधरा दिवस, आणि घर लांब असेल तर प्रवासाचे दिवस वेगळे धरून. नऊ वर्षांत काहीच निभावलं नाही तर घरी पाठवत, कायदावाल्यांना सहाच.

गणिताचा कोर्स सात वर्षांचा, दोन शाखा. एकीत 'नऊ अध्याय' आणि समुद्रबेटाच्या मोजणीचा ग्रंथ ह्यांना मिळून तीन वर्षं, बाकीच्यांना एकट्याने किंवा जोडीने एकेक वर्ष. दुसऱ्या अवघड शाखेत झू चोंगझीचा ग्रंथ चार वर्षं. हा झू चोंगझी म्हणजे ज्याने पाचव्या शतकात पायची (π) किंमत ३.१४१५९२६ आणि ३.१४१५९२७ च्या मधे आहे असं काढलं तो. तो ग्रंथ पुढे हरवला, असं सांगतात की कुणाला समजेनाच. ६५६ मध्ये ली चुनफंगने दहा ग्रंथांवर भाष्य करून अभ्यासक्रम नक्की केला होता.

आणि आता वाईट भाग. पहिल्या शाळेच्या आचार्याचा दर्जा पाचवा आणि गणिताच्या आचार्याचा नववा, तोही नवव्यातला सगळ्यात खालचा. सात वर्षं करून पास झालेल्या मुलालाही त्याच तळाच्या दर्जाची नोकरी. जमीनमोजणी, कर, धान्यकोठारं, पंचांग, कालवे हे सगळं गणितावर चालणारं राज्य आणि गणित्याला ही किंमत. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं होतं.

हेमाडपंती :

चर्चा उत्तम चाललीय पण बोरूंच्या मूळ मुद्द्याशी मी असहमत. परीक्षेने शाळा गिळली हे वाक्य ऐकायला बरं आहे पण शाळा म्हणजे तरी काय होतं, वर गणितींनीच दिलंय. बापाचा दर्जा बघून शाळा! ३०० जागा बड्यांच्या पोरांना, आणि सामान्यांना तिसऱ्या नंबरच्या शाळेत. ह्यापेक्षा परीक्षा शतपट न्याय्य होती.

सोंग काळात तर त्यांनी कमाल केली. उत्तरपत्रिकेवरचं नाव चिकटवून झाकायचं, हे ९९२ पासून राजवाड्यातल्या परीक्षेत. तरी हस्ताक्षरावरून ओळखतात म्हणून १०१५ पासून कारकून बसवून प्रत्येक उत्तरपत्रिका नकलून काढायची आणि परीक्षकाला फक्त नक्कल द्यायची. परीक्षकांना काम संपेपर्यंत कोंडून ठेवायचं. १०५७ च्या परीक्षेत ओउयांग शिउला एक निबंध इतका आवडला की पहिला नंबर द्यायचा होता, पण हा आपलाच शिष्य झंग गोंगचा असणार, लोक पक्षपात म्हणतील असं वाटून त्याने दुसरा दिला. नाव उघडल्यावर कळलं की निबंध सू शीचा, बावीस वर्षांचा, सिचुआनमधून आलेला, राजधानीत ना घराणं ना वशिला. आता सांगा, कुठल्या शाळेत गुरू आपल्या शिष्याला ओळखणार नाही? शाळेत मास्तर मार्क देतो आणि मास्तर माणूस असतो. मी परीक्षेच्या बाजूने.

पेठेतला_अभ्यासू :

हेमाडपंतींशी न्यायाबद्दल सहमत पण कामाचं काय? मी पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेची बरीच वर्षं तयारी केली, क्लासमध्ये प्रिलिम कशी काढायची, निबंधाला सुरुवात कशी करायची हे सगळं शिकवलं, पण तहसीलदार सकाळी ऑफिसला जाऊन नक्की काय करतो हे एकानेही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही कारण पेपरमध्ये येणार नव्हतं. म्हणून विचारतो, चीनमध्ये जिनशी झालेल्या माणसाला काव्य आणि ग्रंथ येत असणार, पण त्याला तालुक्यावर पाठवला की खटला कोण चालवणार, सारा कोण गोळा करणार? ह्याचं कुठेतरी ट्रेनिंग होतं का नाही?

बोरू :

अभ्यासू, नेमका प्रश्न विचारलात, मला जे म्हणायचं होतं त्याच्या मुळाशी हाच आहे.

तांग काळात जिनशी पास झालं म्हणजे नोकरी मिळाली असं नव्हतं. पुढे नेमणूक खात्याची वेगळी चाचणी. तिथे चार गोष्टी बघत, शरीरयष्टी, बोलणं, हस्ताक्षर आणि निवाडा लिहिणं. हान यूसारखा प्रचंड लेखक ७९२ मध्ये जिनशी झाला आणि खात्याच्या निवडीत तीनदा नापास झाला. त्यात निवाडा लिहिणं म्हणजे एक काल्पनिक खटला द्यायचा आणि निकाल लिहायला लावायचा. कवी बाय जुयीने तयारी म्हणून असे शंभर निवाडे लिहून काढले होते आणि ते परीक्षार्थींमध्ये हातोहात फिरायचे. त्यातला एक सांगतो. सासूसमोर बायको कुत्र्यावर ओरडली. नवऱ्याने रागावून तिला घराबाहेर काढलं. ती म्हणाली बायको टाकायची सात कारणं कायद्यात आहेत त्यात हे नाही, तो म्हणाला सासूचा अपमान झाला. बाय जुयीने निकाल दिला की बाईची चूक झाली खरी, पण एवढी बारीक चूकही ज्याला सोसवत नाही तो नवरा तरी शहाणा कसा, तिला परत घरी घ्या. बाराशे वर्षांपूर्वीचा सराव पेपर आहे हा! ग्रंथ, कायदा आणि माणुसकी तिन्ही एकत्र लागतात असा प्रश्न. पण हळूहळू ह्यातही भाषेच्या नक्षीला मार्क मिळायला लागले आणि खटला मागे पडला.

दुसरा प्रयत्न सोंग काळात, आणि इथे माझा सगळ्यात आवडता माणूस येतो, हू युआन (९९३ ते १०५९). स्वतः परीक्षेत सारखा अपयशी ठरलेला. सुझोऊ आणि हुझोऊला वीसेक वर्षं शिकवलं. त्याने शाळेचे दोन भाग केले. एका भागात ग्रंथांचा अर्थ, त्यात खोल विचार करणारी मुलं. दुसऱ्या भागात कामकाज, तिथे प्रत्येकाने एक मुख्य आणि एक दुय्यम विषय घ्यायचा. लोकांचा कारभार, सीमेचं संरक्षण आणि सैन्य, पाटबंधारे, पंचांग-गणित असे विषय. सक्तीच्या कवितेच्या जमान्यात कोणीतरी पाटबंधारे हा विषय म्हणून शिकवतोय! १०४४ मध्ये मंत्री फान झोंगयानच्या सुधारणा चालू असताना राजधानीच्या विद्यापीठासाठी हू युआनची पद्धत मागवून घेतली आणि पुढे त्यालाही तिथे शिकवायला नेलं, तेव्हा जागा पुरेना म्हणून शेजारची सरकारी जागा घ्यावी लागली. इतिहासात लिहिलंय की परीक्षेत निवडलेल्या दहा जणांत चार-पाच हू युआनचे विद्यार्थी असायचे, आणि ते कपड्यांवरून, चालण्या-बोलण्यावरून अनोळखी माणसालाही ओळखू यायचे. शिकवलेला माणूस परीक्षेतही पुढे जातो हे त्याने दाखवून दिलं, म्हणून हेमाडपंती, शाळा म्हणजे फक्त बड्यांची सोय हे मला पटत नाही.

तिसरा प्रयत्न मंत्री वांग आनशीचा. १०७१ मध्ये त्याने विद्यापीठाचे तीन थर केले, बाहेरचा वर्ग, आतला वर्ग आणि वरचा वर्ग. १०७९ मध्ये ८० वसतिगृहं, प्रत्येकात ३० मुलं, एकूण २,४००, त्यातले फक्त १०० वरच्या वर्गात. दर महिन्याला चाचणी, दर वर्षी परीक्षा, वागणुकीची नोंद, आणि वरच्या वर्गातल्या पहिल्या काहींना मोठी परीक्षा न देता थेट पद. पुढे मंत्री त्साय जिंगने ११०४ च्या सुमारास हेच देशभर लागू केलं, जिल्ह्याजिल्ह्यात शाळा, शाळांना जमिनी, त्या जमिनीच्या उत्पन्नातून मुलांचं जेवण, विद्यार्थ्यांची संख्या दोन लाखांवर गेली. आणि परीक्षाच बंद करून सगळी भरती शाळेतून करायची ठरलं. विचार करा, बाराव्या शतकाच्या सुरुवातीला! ११२१ मध्ये ते गुंडाळलं. माझ्या मते जगात त्या काळी एवढा मोठा शिक्षणाचा प्रयोग दुसरा झालेला नाही.

हेमाडपंती :

गुंडाळलं का तेही सांगा ना बोरू. वांग आनशीने १०७५ मध्ये स्वतःचं भाष्य सगळ्या शाळांना सक्तीचं केलं, म्हणजे मंत्र्याचं मत हाच अभ्यासक्रम. १०७९ लाच विद्यापीठात मार्कांसाठी लाच घेतल्याचं मोठं प्रकरण झालं, शिक्षकांवर खटले चालले. त्साय जिंगच्या काळात तर विरोधी गटाच्या लोकांची यादी दगडावर कोरली आणि त्यांच्या मुलांना राजधानीत यायला बंदी. हा माझा मुद्दा आहे, रोजचं वागणं मोजायचा अधिकार ज्याच्या हातात त्याच्या हातात सगळंच जातं. परीक्षेत निदान नाव झाकता येतं, शाळेत मुलाचं तोंड झाकता येत नाही.

बोरू :

हे सगळं खरं आहे आणि तुमचा मुद्दा वजनदार आहे. तरी मी म्हणेन की दोष माणसं निवडण्याच्या घाईचा होता. हू युआनच्या शाळेत लाच नव्हती कारण त्याच्या हातात नेमणुका नव्हत्या. शाळेच्या दाखल्यावर थेट पद मिळायला लागलं तेव्हा शाळाच परीक्षा झाली. आणि ह्याच विद्यापीठातल्या चन दोंगने ११२६ मध्ये शत्रू राजधानीच्या दारात असताना विद्यार्थ्यांचा मोर्चा काढला, सामान्य लोकही हजारोंनी आले आणि काढून टाकलेल्या सेनानायकाला परत घ्यायला सम्राटाला भाग पाडलं. दुसऱ्या वर्षी त्याला मारलं. तेव्हा ही मुलं नुसती मंत्र्याची पोपट नव्हती.

विलायती_सदाशिव :

मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे, एक दुवा देतो जो तुम्हा दोघांच्याही वादाला लागू आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे कारकून-अधिकारी आधी डायरेक्टरांच्या ओळखीने नेमले जायचे आणि मग शिकवले जायचे. कलकत्त्याला १८०० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज, तिथे विल्यम केरी बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवायचा, त्याचं मराठी व्याकरण १८०५ चं. नंतर इंग्लंडमध्ये १८०६ पासून कंपनीचं कॉलेज (१८०९ पासून हेलीबरीला), कायदा, अर्थशास्त्र, भारतीय भाषा, तिथे अर्थशास्त्रज्ञ माल्थस प्राध्यापक होता. म्हणजे निवड वशिल्याची, पण शिक्षण पक्कं. मग १८५५ पासून लंडनमध्ये खुली स्पर्धा परीक्षा आली, त्याच्या वादविवादात चीनचं उदाहरण दोन्ही बाजूंनी दिलं गेलं, आणि १८५८ मध्ये हेलीबरीचं ते कॉलेज बंद झालं. परीक्षा आली, शाळा गेली, तुमच्या चीनसारखंच. १८६३ मध्ये ती परीक्षा पास होणारे पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर, त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून ते १८९७ मध्ये निवृत्त झाले.

फरक एवढा की इंग्रजांनी पास झालेल्यांना प्रोबेशन म्हणून परत कायदा आणि भाषा शिकायला लावली. आज आपल्याकडेही निवडीनंतर मसुरीला पाठवतातच. अभ्यासूंच्या प्रश्नाचं उत्तर त्यात थोडं आहे, आधी निवडा मग शिकवा.

पेठेतला_अभ्यासू :

हे भारी होतं. मग चीनने 'निवडल्यावर शिकवा' असं कधी केलंच नाही का?

बोरू :

केलं ना, आणि फार चांगलं केलं, पण टिकलं नाही. मिंग घराण्याचा पहिला सम्राट होंगवू, स्वतः भुकेकंगाल घरातून आलेला. १३७१ मध्ये परीक्षा घेतली, आलेले लोक पोरकट, नुसते शब्दांचे कारागीर आहेत म्हणून १३७३ मध्ये परीक्षा बंद केली ती १३८४ पर्यंत. ह्या काळात सगळा भर नानजिंगच्या विद्यापीठावर, तिथे आठ हजारांवर मुलं झाली. ह्या मुलांना खात्यांमध्ये उमेदवारीला पाठवायचे, ठराविक मुदत काम करायचं, वरिष्ठ शेरा देणार, मग नेमणूक. पण खात्यात बसून कागद बघणं एवढंच नाही. देशभर जमिनी मोजून जे नकाशे-दप्तर १३८७ च्या सुमारास झालं त्या कामावर विद्यार्थी होते. १३९४ मध्ये त्यांना गावोगाव पाटबंधाऱ्याच्या देखरेखीला पाठवलं, आणि पुढच्या वर्षी अहवाल आला की तळी आणि बंधारे मिळून ४०,९८७ ठिकाणी काम झालं. हू युआनने जे वर्गात शिकवलं ते इथे मुलांनी चिखलात उभं राहून केलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी, शिस्त भयंकर होती. एका विद्यार्थ्याने तक्रारीचा कागद भिंतीवर लावला तर त्याचं मुंडकं उडवून शाळेच्या आवारात खांबावर टांगलं. हा खांब शंभराहून जास्त वर्षं तिथेच होता.

मोडलं ते पैशाने. १४४९ मध्ये मंगोलांनी सम्राटालाच पकडून नेलं, तिजोरीत खडखडाट, मग धान्य किंवा घोडे दिले की विद्यापीठात प्रवेश असं सुरू झालं. जागा विकत मिळायला लागली तशी उमेदवारीची किंमत गेली आणि हुशार मुलं परीक्षेकडेच वळली. परीक्षा म्हणजे आठ भागांत बांधलेला निबंध, बाराव्या शतकातला विचारवंत झू शी याच्या भाष्याबाहेर जायचं नाही. शाळेत नाव असलं पाहिजे ही अट राहिली, पण शाळेत शिकवणं संपलं, मुलं फक्त परीक्षेपुरती हजर. मग तालुक्यावर नवा अधिकारी गेला की स्वतःच्या पैशातून कायद्याचा आणि कराचा जाणकार खाजगी सचिव नेमायचा. छिंग या शेवटच्या राजघराण्याच्या काळात शाओशिंग गाव ह्या सचिवांसाठी प्रसिद्ध होतं. त्यातला वांग हुइझू चौतीस वर्षं सचिव राहिला, मधे १७७५ मध्ये स्वतः जिनशी झाला आणि मग हुनानमध्ये तालुक्याचा अधिकारी. त्याने सचिवांसाठी लिहिलेलं मार्गदर्शक पुस्तक लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलं. म्हणजे ट्रेनिंग होतं, फक्त ते सरकारी शाळेतून निघून भाड्याच्या सचिवाच्या खोलीत गेलं होतं आणि त्याचा पगार अधिकाऱ्याच्या खिशातून जात होता.

रिमा_नाशिक :

सगळ्या शाळा मेल्या असं नका म्हणू हं. सरकारी मेल्या असतील, खाजगी विद्यापीठं होतीच की. झू शीने ११७९-८० मध्ये पांढऱ्या हरणाच्या गुहेचं म्हणजे बायलुदोंगचं पडीक विद्यापीठ परत उभं केलं आणि नियमावलीत पहिल्यांदा पाच मानवी नाती लिहिली, मग नीट शिका, प्रश्न विचारा, विचार करा, पारखा आणि तसं वागा. नोकरी कशी मिळवायची हा शब्द नाही त्यात. चांगशाचं युएलू ९७६ चं, आज ते हुनान विद्यापीठाचा भाग आहे.

बोरू :

हो, आणि झू शी त्यात सरळ म्हणतो की नुसतं पाठांतर आणि नाव-पैसा मिळवायला निबंध लिहिणं यासाठी जुन्या ऋषींनी शिकवलं नव्हतं. मग त्याच झू शीचं भाष्य युआन काळात १३१३ मध्ये परीक्षेचं ठरलं आणि सहाशे वर्षं मुलं तेच पाठ करत बसली. मला ह्या सगळ्या इतिहासात ह्याच्याइतकी चटका लावणारी गोष्ट दुसरी सापडली नाही.

नदीकाठ :

जबरदस्त धागा झालाय, प्रतिसाद मूळ लेखाइतकेच वाचनीय. पुढच्या वर्षी चीनला जायचा योग आहे, ह्यातलं काही बघायला मिळेल का? आणि हू युआनवर वेगळा धागा काढा ही विनंती.

बोरू :

शिआनला जाणार असाल तर बेइलिन म्हणजे दगडी लेखांचं संग्रहालय चुकवू नका. तांग काळात ८३७ मध्ये बारा ग्रंथ ११४ दगडांवर दोन्ही बाजूंनी कोरले, ते सगळे तिथे उभे आहेत, ओळी जवळ जाऊन बघता येतात. बीजिंगला गुओझिजियान आणि शेजारचं कन्फ्यूशियस मंदिर, तिथे १९८ शिलांवर युआन, मिंग आणि छिंग काळातल्या ५१,६२४ जिनशींची नावं गावासकट. नानजिंगला परीक्षेचं संग्रहालय आहे, तिथे एके काळी परीक्षेला बसायच्या २०,६४४ कोठड्या होत्या, त्यातल्या काही नव्याने बांधून दाखवल्यात. दोन फळ्या, एक टेबल म्हणून एक बसायला, रात्री दोन्ही जोडून झोपायचं. हू युआनवर लिहितो, त्याच्या शाळेतल्या पाटबंधारे विषयाबद्दल आणखी वाचायचं आहे, ते झालं की टाकतो.